खाडीला गोडं पाणी लागतं

नाशिक जिल्ह्यात पडलेला पाऊस चार वेगवेगळ्या नावांच्या पाण्यात जाऊन पडतो. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरचं पाणी गोदावरीत उतरतं आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं. कळवणकडचं, केमच्या डोंगरातलं पाणी गिरणेतून तापीत आणि तापीतून खंबातच्या आखातात जातं. दिंडोरीच्या डोंगरातून निघालेली दमणगंगा दमणला अरबी समुद्र गाठते. आणि त्र्यंबकच्याच डोंगररांगेत, गोदावरीच्या उगमापासून फारशी लांब नाही अशा ठिकाणी उगम पावलेली वैतरणा पालघर जिल्ह्यात दातिवऱ्याच्या खाडीत शिरते. उपसागर, आखात, समुद्र, खाडी. पुस्तकातला किनाऱ्याचा अख्खा धडा या एका जिल्ह्याच्या पाणलोटात मावतो, आणि या जिल्ह्याला स्वतःचा किनारा मात्र एक फूटभरही नाही.

मी नाशकात बरीच वर्षं भूगोल शिकवते आहे. हा धडा आला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर नकाशात तर जुळ्या भावंडांसारखे दिसतात, मग एक समुद्र आणि दुसरा उपसागर का? प्रश्न अगदी रास्त आहे. दोघांनाही तीन बाजूंनी जमीन आहे, दोघेही दक्षिणेला हिंदी महासागराकडे उघडे आहेत. अरबी समुद्राचं क्षेत्रफळ सुमारे ३८ लाख चौरस किलोमीटर, बंगालच्या उपसागराचं सुमारे २२ लाख. म्हणजे आकाराने फरक आहे, पण २२ लाखांपेक्षा कितीतरी लहान पाण्यांना जगात बिनदिक्कत समुद्र म्हणतात. कॅनडातला हडसनचा उपसागर जमिनीने जवळजवळ पुरता वेढलेला आहे, तरी तो उपसागरच. कॅस्पियन तर चारही बाजूंनी बंद, तरी तो समुद्र. आणि अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राला किनारा मुळी नाहीच, त्याच्या चारही सीमा सागरी प्रवाहांनी आखलेल्या आहेत.

मुलांना मी खरं तेच सांगते. अमुक इतकं क्षेत्रफळ झालं की समुद्र, इतकी रुंदी असली की आखात, असा नियम कुणी केलेला नाही. ज्याने जिथून पाहिलं, ज्याला ज्या कामासाठी ते पाणी लागलं, त्याने तसं नाव ठेवलं आणि ते रुळलं. पुढे तंट्यांची वेळ आली तेव्हा व्याख्या आल्या. सोव्हिएत संघ फुटल्यावर कॅस्पियनकाठी दोनाचे पाच देश झाले आणि हा समुद्र की सरोवर यावर वीस वर्षांहून अधिक काळ काथ्याकूट चालला. समुद्र म्हटलं तर वाटणीचे नियम वेगळे, सरोवर म्हटलं तर वेगळे, आणि तळाशी तेल नि वायू. शेवटी १२ ऑगस्ट २०१८ला कझाकस्तानमधल्या अक्ताऊ शहरात पाचही देशांनी करार केला आणि कॅस्पियनला दोन्हींत न बसवता त्याच्यापुरते वेगळे नियम केले.

समुद्राच्या हद्दी लिहून ठेवण्याचं काम करणारी एक संस्था आहे, आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटना. १९२१मध्ये स्थापन झालेली, मुख्यालय मोनॅकोत. तिने महासागर आणि समुद्रांच्या सीमांची पुस्तिका प्रथम १९२८मध्ये काढली, तिसरी आवृत्ती १९५३ची. त्या आवृत्तीत आपल्या किनाऱ्याशी निगडित एक ओळ आहे, ती मला फार आवडते. अरबी समुद्र कुठे संपतो आणि लक्षद्वीप समुद्र कुठे सुरू होतो, तर कारवारजवळच्या सदाशिवगडाच्या दीपगृहापासून एक रेषा समुद्रात काढायची, ती लक्षद्वीपच्या पश्चिम कडेने खाली मालदीवच्या शेवटच्या बेटापर्यंत न्यायची. म्हणजे कोकण आणि गोव्याचा किनारा अरबी समुद्राचा, आणि कोचीचा माणूस ज्या पाण्यात जाळं टाकतो ते या पुस्तिकेप्रमाणे लक्षद्वीप समुद्राचं. काळी नदीच्या मुखावरचा हा गड ज्यांनी बांधला त्यांच्या स्वप्नातही नसेल, की त्याच्या नावाच्या दिव्यापासून दोन समुद्र वेगळे होतील.

या पुस्तिकेची पुढची आवृत्ती सर्वमान्य होऊ शकली नाही. जपान आणि कोरिया यांच्यामधल्या समुद्राला काय म्हणायचं यावर वाद इतका ताणला, की २०२०मध्ये संघटनेने समुद्रांना नावांऐवजी आकडी ओळख देणारी नवी डिजिटल पद्धत स्वीकारायचं ठरवलं. तंटा टाळायला आकडा सोयीचा असेलही. पण नावातून कोण कुठे उभं होतं ते कळतं, आकड्यातून काहीच कळत नाही, आणि मला ही गोष्ट मोठी हानी वाटते.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. पावसाळ्यात मुलं हिंदी बातम्या ऐकतात, तिथे 'बंगाल की खाड़ी' असतं. हिंदीत इवल्या पाण्यापासून बंगालच्या उपसागरापर्यंत सगळ्याला खाडी चालतं. मराठीत तसं नाही. आपली खाडी म्हणजे समुद्राचं पाणी जमिनीत शिरतं ती जागा, जिच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला हाक मारता येते, तरीने पलीकडे जाता येतं. या लेखात जिथे जिथे खाडी म्हणते आहे ती हीच, आणि मला जे सांगायचं आहे तेही तिच्याबद्दलच.

पण त्याआधी उपसागराची व्याख्या सांगायला हवी, कारण ती फार देखणी आहे. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचे कोळी तेव्हा ब्रिटिश असलेल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मासेमारीला जात आणि ब्रिटनशी भांडण होई. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत यायचं नाही असं ठरलेलं होतं, पण जिथे किनारा आत वळतो तिथे हे तीन मैल मोजायचे कुठून? प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि १९१०मध्ये निकाल लागला. लवाद म्हणाला, जिथे त्या पाण्याचं उपसागराचं रूप आणि लक्षणं संपतात तिथे आडवी रेषा ओढा आणि तिथून मोजा. म्हणजे उपसागर कुठे संपतो, तर जिथे तो उपसागर राहत नाही तिथे. कोळ्यांच्या हाती यातून फारसं काही लागलं नाही.

या कोड्याचं उत्तर पुढे भूमितीने दिलं. आता जे नियम चालतात ते संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारातले. तो १० डिसेंबर १९८२ला सह्यांसाठी खुला झाला तो जमैकातल्या माँटेगो बे या गावी, म्हणजे उपसागराचंच नाव लागलेल्या गावी. १९९४मध्ये तो अमलात आला आणि १९९५मध्ये भारताने त्याला मंजुरी दिली. त्यातलं दहावं कलम वर्गात शिकवायला मला कर्कटक आणि दोरा एवढंच लागतं. नकाशावर किनारा जिथे आत वळतो तिथे मुखाच्या दोन टोकांवर टाचण्या टोचायच्या आणि मध्ये दोरा ताणायचा. तो दोरा हा व्यास धरून एक अर्धवर्तुळ काढायचं. आतलं पाणी त्या अर्धवर्तुळाएवढं किंवा त्याहून जास्त भरलं तर तो उपसागर. कमी भरलं तर ती नुसती किनाऱ्याची वळणं, दोन्ही टोकं कितीही ठसठशीत असली तरी. मुलं आलेखाच्या कागदाचे चौकोन मोजतात, अर्धे चौकोन जोडून पूर्ण करतात, आणि पहिला नकाशा नापास झाला की वर्गात कालवा होतो, कारण पुस्तकात त्याच्यावर उपसागर असं छापलेलं असतं. पाणी किती रुंद आहे यापेक्षा ते रुंदीच्या मानाने किती आत शिरलं आहे, यावर सगळा भर आहे.

याच परीक्षेला बंगालचा उपसागर बसवून पाहिला तर तो पास होतो. श्रीलंकेच्या दक्षिण टोकापासून सुमात्राच्या उत्तर टोकापर्यंतचं अंतर सुमारे १,६०० किलोमीटर. एवढ्या व्यासाचं अर्धवर्तुळ साधारण १० लाख चौरस किलोमीटरचं, आणि उपसागर त्याच्या दुपटीहून मोठा. पण कायद्याच्या दोन अटी आणखी आहेत. हे कलम फक्त एकाच देशाचा किनारा असलेल्या उपसागरांना लागू आहे, आणि मुखावरची रेषा २४ सागरी मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटरपेक्षा लांब असता कामा नये. त्यामुळे जगातला सगळ्यांत मोठा म्हणवला जाणारा उपसागर कायद्याच्या वहीत उपसागर नाही. ज्या पाण्यावर जुनी वहिवाट सिद्ध होते त्यांना या अटीतून सूट असते. भारत-श्रीलंकेने १९७४मध्ये पाल्कच्या उपसागरात सीमा आखली ती त्याला ऐतिहासिक जल मानूनच. लिबियाने १९७३मध्ये सिद्राच्या आखाताचं मुख असंच रेषेने बंद केलं, अमेरिकेने ते मानलं नाही, आणि त्या रेषेवरून १९८१ आणि १९८६मध्ये लढाऊ विमानं पडली, जहाजं बुडाली.

या सगळ्या व्याख्या भूमितीच्या आहेत. त्यांत पाणी कसं आहे याची कुणाला फिकीर नाही. किनाऱ्याची रेघ तेवढी पाहायची. खाडीपाशी आलं की मात्र ही भूमिती निरुपयोगी ठरते.

खाडीच्या नावांपासूनच पाहा. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, महाडवरून जाते आणि समुद्राशी पोचते तेव्हा तिचं नाव बाणकोटची खाडी होतं. वाशिष्ठी चिपळूणपर्यंत वाशिष्ठी, पुढे दाभोळची खाडी. शास्त्रीची जयगडची खाडी होते, काजळीची भाट्याची, मुचकुंदीची पूर्णगडची, वाघोटणची विजयदुर्गची. कुंडलिका रेवदंड्याची खाडी होऊन मिळते, अंबा धरमतरची. नदीचं नाव जिथे सुटतं तिथे मुखावरच्या गावाचं नाव लागतं, अख्ख्या कोकणात जवळजवळ हीच रीत.

याचं कारण मला सरळ वाटतं. नदीला तिच्या उगमाकडून ओळखणारी माणसं घाटावरची आणि खोऱ्यातली, त्यांच्या लेखी नदी म्हणजे वरून येणारं पाणी. गलबतातून येणाऱ्या नाखव्याला सावित्रीच्या उगमाशी काय करायचं होतं? त्याला दिसायचा बाणकोटचा किल्ला, त्याला भरायची असायची बाणकोटची जकात, भरतीची वाट पाहत तो नांगर टाकायचा तो बाणकोटसमोर. समुद्राकडून येणाऱ्याने समुद्राकडून दिसेल ते नाव दिलं. म्हणून या नावांच्या सांध्यावर बोट ठेवलं की जमिनीवरच्या माणसांची नजर कुठे संपत होती आणि दर्यावर्द्यांची कुठे सुरू होत होती, ते कळतं. कोकणच्या इतिहासाचा एवढा नेमका दस्तऐवज दुसरा नसेल.

वैतरणेचंही तसंच. वर ती वैतरणा, आणि मुखाशी, उत्तरेला दातिवरे आणि दक्षिणेला अर्नाळा यांच्यामध्ये, ती दातिवऱ्याची खाडी. अर्नाळ्याचा किल्ला मुखावरच्या बेटावर बसला आहे, आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर ठेवून. पश्चिम रेल्वेने विरार सोडून सफाळ्याकडे जाताना वैतरणा स्टेशनानंतर जे लांबलचक पूल लागतात ते याच पाण्यावरचे. गाडीतून पाहणाऱ्याला ते पाणी समुद्राएवढं रुंद वाटतं, आणि हीच नदी आपल्या त्र्यंबकच्या डोंगरातली, हे नाशिककराला सांगून पटत नाही.

एका पावसाळ्याच्या अखेरीला मी त्या खाडीत होडीतून गेले होते. सफाळ्याच्या बाजूचे एक वयस्कर कोळी होते, मी त्यांना काका म्हणत होते, ते मला बाई. ओहोटी लागली होती. काकांनी बोक्षी, म्हणजे प्रवाहात तोंड करून लावायचं पिशवीसारखं जाळं, खुंटांना बांधून ठेवलं होतं ते वर ओढायला घेतलं. ओढता ओढता त्यांनी ओंजळीत खाडीचं पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि मलाही लावायला सांगितलं. किंचित खारट, एवढंच. "वरचं पाणी अजून गोडं आहे बाई," ते म्हणाले. "खालचं खारं. दोन्ही एकावर एक चालतात." जाळ्यातून कोळंबी निघाली, बोटभर लांबीची बोईटं, जवळा, आणि तळाशी दोन चिंबोऱ्या. काकांनी बारीक कोळंबी वेगळी केली आणि पाण्यात सोडली. त्या बारक्या कोळंबीचा जन्म समुद्रातला, पण वाढायला ती खाडीत येते, कारण तिवरांच्या मुळांत लपायला जागा आणि खायला भरपूर मिळतं. पुढे मोठी होऊन ती परत समुद्रात जाते. "पाऊस कमी झाला की कोळंबी कमी," काका म्हणाले, आणि त्याचं स्पष्टीकरण देण्याची त्यांना गरज वाटली नाही.

ओंजळीतलं पाणी जिभेला लावून पाहायची ही जी परीक्षा, तीच शास्त्राची व्याख्या आहे. डोनाल्ड प्रिचर्ड या अमेरिकन सागरशास्त्रज्ञाने १९६७मध्ये केलेली व्याख्या आजही बहुतेक ठिकाणी वापरतात. अर्धवट वेढलेलं किनारी पाणी, ज्याचा खुल्या समुद्राशी मोकळा संबंध आहे, आणि ज्यात समुद्राचं पाणी जमिनीवरून वाहून आलेल्या गोड्या पाण्याने मोजता येण्याइतकं पातळ झालेलं आहे. या व्याख्येत कुठे रुंदी नाही, खोली नाही, अर्धवर्तुळ नाही. पहिले दोन भाग किनाऱ्याचा आकार पुरा करतो. तिसरा भाग कोण पुरा करतं? पाऊस आणि डोंगर. ज्या नदीमुखी खाडीचं गोडं पाणी आटलं, ती जमिनीत घुसलेली समुद्राची नुसती शाखा उरते, दिसायला तशीच, पण खाडी नव्हे. म्हणून मी म्हणते, की दातिवऱ्याची खाडी खाडी आहे ती वरच्या सह्याद्रीत पडणाऱ्या पावसामुळे, आणि त्यात त्र्यंबक-इगतपुरीचा पाऊस आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहिलं तर गोष्ट आणखी घट्ट होते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११च्या, आणि तिच्या जागी आलेल्या २०१९च्या अधिसूचनेत खाडी आणि नदी यांच्यातली हद्द ठरवायची रीत दिलेली आहे. भरतीचा परिणाम कुठवर पोचतो ते क्षारतेवरून ठरवायचं, हजार भागांत पाच भाग मीठ जिथपर्यंत सापडेल तिथपर्यंत. खुल्या समुद्रात हे प्रमाण साधारण ३५ असतं. आणि हे मोजायचं कधी, तर वर्षातल्या सगळ्यांत कोरड्या काळात. खाडीच्या काठावर बांधकामाचे निर्बंध कुठपर्यंत लागतील ते या आकड्यावर ठरतं. पण ही हद्द कागदावरची नाही, ती सरकते. मे महिन्यात नदीतून गोडं पाणी जेवढं कमी येईल तेवढं मीठ वर चढेल. वर चढलेलं मीठ आधी विहिरीत येतं, मग भातखाचरात. कोकणात खारबंदिस्ती, म्हणजे खारं पाणी अडवणारे बांध, आणि त्यांत पाणी बाहेर सोडायच्या उघाड्या बांधून लोकांनी शतकानुशतकं खाऱ्या पाण्याला शेताबाहेर ठेवलं, पण बांध भरतीला अडवतो, जमिनीखालून झिरपणाऱ्या मिठाला नाही.

वैतरणेचं गोडं पाणी कुठे जातं हे सगळ्यांना माहीत आहे. मुंबई पिते. १९५७चं मोडकसागर, नाशिक जिल्ह्यातलं १९७३चं ऊर्ध्व वैतरणा, २०१४मध्ये पूर्ण झालेलं मध्य वैतरणा, तिन्ही याच नदीवर. उपनदी तानसेवर १८९२पासून धरण आहे, सूर्येवर धामणीचं आहे, गारगाई आणि पिंजाळवर प्रस्तावित आहेत. धरणाच्या जलाशयाला सागर म्हणायची आपली रीत आहे, मोडकसागर, नाथसागर, शिवसागर. वैतरणेला खऱ्या सागराआधी हा एक सागर लागतो आणि बरंचसं पाणी तिथेच थांबतं. मुंबईची तहान खरी आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पावसाळ्यात धरणं भरून वाहतात तेव्हा खाडीला पाणी पोचतंही. प्रश्न आहे तो नोव्हेंबरनंतरचा.

मला खुपतं ते एक वाक्य. आमच्याकडे पाण्यावरच्या सभेत, बातमीत, निवडणुकीत, चहाच्या टपरीवर ते सतत कानी पडतं: पश्चिमेकडे वाहून समुद्रात वाया जाणारं पाणी पूर्वेकडे वळवा. पश्चिमेकडे वाहणाऱ्या नार-पार नद्यांचं पाणी गिरणेत आणायच्या नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला २०२४मध्ये राज्य सरकारने मंजुरी दिली तेव्हाही हेच वाक्य मथळ्यांत होतं. मी येवल्याचे टँकर पाहिले आहेत, नांदगावच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन उन्हात चालताना पाहिल्या आहेत. सिन्नरच्या पूर्व भागातल्या शेतकऱ्याला पाणी हवं असण्यात काहीही गैर नाही. जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावरून दर टंचाईच्या वर्षी नाशिक आणि मराठवाडा एकमेकांसमोर उभे राहतात, आणि दोघांचीही बाजू खरी असते. पाणी वळवायचं असेल तर वळवा. पण ते वाया जातं असं म्हणून वळवू नका. वाया म्हटलं की खाली कुणी हक्कदारच उरत नाही. आणि खाली हक्कदार आहेत. कोळंबी आहे, जिताडा आहे, तिवरं आहेत, आणि त्यांच्यावर घर चालवणारी माणसं आहेत, ज्यांना नाशकातल्या कुठल्याही पाणीपरिषदेचं बोलावणं येत नाही.

गोडं पाणी तोडलं की काय होतं याचं उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. सिंधू नदीवर १९३२चा सक्करचा बंधारा आणि १९५५चा कोटरीचा बंधारा झाल्यावर खाली त्रिभुज प्रदेशात जाणारं पाणी घटत गेलं. समुद्र आत आला, शेतजमिनी खारावल्या, गावंच्या गावं उठून कराचीकडे गेली. उलट बाजूचं उदाहरण ओडिशातल्या चिलिकाचं. तिथे खारकच्छाचं, म्हणजे वाळूच्या दांड्याआडच्या खाऱ्या सरोवराचं, जुनं मुख गाळाने भरत आलं, समुद्राचं पाणी आत येईना, मासळी घटली. २०००मध्ये वाळूचा दांडा फोडून नवं मुख काढलं आणि मासळी परतली. म्हणजे या पाण्यांना दोन्ही बाजू लागतात. मीठही लागतं आणि गोडंही, आणि किती लागतं ते मोजता येतं.

गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला तर हे प्रकरण मिठाच्याही पुढे जातं. राजमहेंद्रीच्या खाली, धवळेश्वरमच्या बंधाऱ्यानंतर गोदावरीचे फाटे होतात. गौतमी यानमजवळून समुद्राला मिळते, वसिष्ठा अंतर्वेदीला. गौतमीच्या मुखाच्या उत्तरेला नदीने आणलेली वाळू लाटांनी ढकलत नेली आणि गेल्या सुमारे दोनशे वर्षांत तिथे एक लांब दांडा तयार झाला, त्याला होप आयलंड म्हणतात. या दांड्याच्या आडोशाला जे पाणी सापडलं तो काकीनाड्याचा उपसागर. त्याच्या काठाशी कोरिंगाची तिवरं आहेत. ब्रह्मगिरी सोडून निघालेल्या नदीने, वाटेत प्राणहिता, इंद्रावती, शबरीला घेऊन, आपल्या गाळाने एक उपसागर घडवला. वर अर्धवर्तुळाची परीक्षा सांगितली, तिथे मुखाची दोन टोकं आधीपासून असतात असं आपण धरून चालतो. इथे एक टोक नदीने स्वतः रचलं. आता धरणांत गाळ अडतो आणि त्रिभुज प्रदेशात पोचणारा गाळ कमी झाला आहे. काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा गावचा किनारा समुद्र खातो आहे.

बंगालच्या उपसागराला अरबी समुद्राहून वेगळं का म्हणायचं, या मुलांच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर मला इथेच सापडतं. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी त्याच्या पृष्ठभागावर पसरतं आणि उत्तरेकडचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा स्पष्टपणे कमी खारट राहतो. हे हलकं पाणी वर तरंगतं, खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही, आणि त्यामुळे पृष्ठभाग उबदार राहतो. पावसाळ्यातले कमी दाबाचे पट्टे तिथे एकामागून एक तयार होतात त्यात याचाही हात आहे. त्यातले काही मध्य भारत ओलांडून आमच्याकडे येतात आणि गंगापूर धरण भरतात. अरबी समुद्रात असं गोडं आच्छादन नाही, तिथे वाफ जास्त आणि नद्यांचं पाणी कमी. नावं देणाऱ्यांनी हे मोजलेलं नव्हतं, पण दोन पाणी खरोखर वेगळी आहेत.

माझी मागणी छोटी आहे. नार-पार असो, दमणगंगा असो की वैतरणा, पाणी वळवण्याच्या प्रत्येक अहवालात एक रकाना असावा: मुखापाशी मे महिन्यात आज क्षारता किती, आणि पाणी वळवल्यावर किती होईल. वर्षाची सरासरी नको, मे महिन्याचाच आकडा हवा, कारण कायदाही कोरड्या काळाचाच आकडा मागतो. हे मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कोळंबीचे तलाव चालवणारे शेतकरी रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, हातात मावणारं, पाण्याचा एक थेंब टाकून डोळ्याला लावायचं. सफाळ्याच्या बाजूच्या एका शाळेतल्या शिक्षकांशी माझं बोलणं चाललं आहे. त्यांच्या मुलांनी दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, उधाणाच्या भरतीला, रेल्वेच्या पुलाखालची क्षारता लिहायची. आमच्या मुलांनी त्याच दिवशी ऊर्ध्व वैतरणा धरणाचा साठा आणि विसर्ग लिहायचा. डिसेंबरात सुरुवात करायची, म्हणजे मेपर्यंत दोन्ही वह्या शेजारी ठेवून आलेख काढता येईल.